प्रश्न घरधन्याला, भुर्दंड कारागिराला

अमेरिकेतील एखाद्या मध्यम शहरात कुणाच्या घराचे छप्पर गळू लागले, तर तो गृहस्थ आज शेजाऱ्याकडे चौकशी करायला जात नाही. तो मोबाइल हाती घेतो. समोर पाटी येते : 'नव्या छपराला किती खर्च येईल? एका मिनिटात जाणून घ्या.' मग प्रश्नांची माळ सुरू होते. छप्पर डांबरी, पत्र्याचे की कौलारू? घराला किती वर्षे झाली? गळती एका जागी की अनेक? घर स्वतःचे की भाड्याचे? काम तातडीने हवे की महिन्याभरात चालेल? प्रत्येक प्रश्नाखाली चित्रे असतात. त्यांवर नुसते बोट टेकवायचे. वर एक रंगीत पट्टी भरत जाते आणि 'आता थोडेच उरले' असा दिलासा देत राहते. अखेरच्या पायरीवर खर्चाचा आकडा यावा, त्याऐवजी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मागितला जातो. इतकी उत्तरे देऊन झालेला माणूस या टप्प्यावर सहसा मागे फिरत नाही. तो क्रमांक देतो आणि काही मिनिटांतच तीन-चार अनोळखी ठेकेदारांचे फोन त्याला येऊ लागतात. आकडा मिळालाच, तर तो इतका मोघम असतो की त्यावरून काहीच ठरविता येत नाही.

या खेळाला तेथे 'क्विझ' म्हणतात, आणि त्यातून हाती लागणाऱ्या नावाला 'लीड'. नळ दुरुस्ती, विजेचे काम, रंगकाम, वातानुकूलन, सौरपट्ट्या अशा घरगुती कामांच्या क्षेत्रात या 'लीड'चा घाऊक बाजार उभा राहिला आहे. आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल की, जाहिरातदारांच्या या क्लृप्त्यांशी समाजवादी साप्ताहिकाला काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि बरेच आहे. ज्याला आपण श्रमिक म्हणतो त्याच्या आणि त्याच्या कामाच्या मध्ये कोण उभा राहतो व उभे राहण्याचे काय मोल वसूल करतो, हा आपल्या चळवळीचा फार जुना प्रश्न आहे. या नव्या खेळात तोच प्रश्न पुन्हा समोर आला आहे.

प्रथम या प्रश्नमालेची गोम पाहू. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो गावच्या गृहिणींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गृहिणींना आधी दूरध्वनीवरून 'तुम्ही कोणता साबण वापरता?' असे चार निरुपद्रवी प्रश्न विचारले गेले. तीन दिवसांनी त्यांनाच सांगण्यात आले की, पाच-सहा माणसे तुमच्या घरी येतील आणि दोन तास कपाटे उघडून सामानाची मोजदाद करतील, चालेल का? ज्यांना आधी काहीच विचारले नव्हते अशा गृहिणींपैकी सुमारे २२ टक्के या मागणीला 'हो' म्हणाल्या. साबणाविषयीची उत्तरे देऊन बसलेल्यांपैकी मात्र सुमारे ५३ टक्के. दारात एकदा पाऊल ठेवू दिले की माणूस घरात शिरतो, हे आपल्या घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यालाही ठाऊक असते. फरक एवढाच की पूर्वी हे ज्ञान विक्रेत्याच्या जिभेवर होते. आता ते यंत्रात घातले गेले आहे आणि कोणत्या चित्राऐवजी कोणते चित्र लावले असता किती अधिक लोक शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतात, याचा हिशेब अहोरात्र चालू असतो.

शिवाय ही प्रश्नमाला विचारीत असतानाच माणसांची निवड करते. 'घर भाड्याचे' असे उत्तर देणारा तेथेच गळून पडतो, कारण त्याच्या नावाला बाजारात किंमत नाही. 'तातडीचे काम', 'संपूर्ण छप्पर', 'स्वतःचे घर' अशी उत्तरे जुळली की नावाचा भाव चढतो. गृहस्थाला वाटत असते की आपण खर्चाचा अंदाज काढतो आहोत. प्रत्यक्षात तो स्वतःची किंमत ठरवून देत असतो, आणि तीही आपल्याच हाताने.

आता व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे टोक तेच. हे नाव विकत घेणारा ठेकेदार म्हणजे कुणी बडा भांडवलदार नव्हे. एक छोटा ट्रक, एक शिडी, दोन हाताखालची माणसे आणि कर्जाने घेतलेली हत्यारे एवढाच बहुतेकांचा पसारा. नावामागे त्याला काही डॉलरांपासून, मोठ्या कामाचे असेल तर शंभर डॉलरांहूनही अधिक मोजावे लागतात. हे पैसे काम मिळाल्यावर द्यायचे नसतात, नाव मिळाल्याबरोबर द्यायचे असतात. तेच नाव त्याच क्षणी आणखी दोघा-तिघांना विकलेले असते. म्हणजे एका गळक्या छपरापोटी चौघांनी पैसे भरायचे, चौघांनी फोन करायचे, दोघांनी शिडी लावून मोफत मोजमाप घ्यायचे आणि काम एकाला मिळायचे. उरलेल्या तिघांचे पैसे व वेळ वाया गेला, असे आपण म्हणतो. पण ते पैसे नाहीसे झालेले नसतात. मध्यस्थाच्या तिजोरीत ते चौपटीने जमा झालेले असतात. आणि जो फोनला पहिला धावतो त्याचीच कामाशी गाठ पडण्याचा संभव अधिक असल्यामुळे, छपरावर उभा असलेला माणूस हातचा हातोडा ठेवून खिशातले यंत्र कानाला लावतो. त्याच्या कौशल्याची परीक्षा अशी शर्यतीने होऊ लागली आहे.

यात कारागिराची फसवणूक कशी होते, याचा शासकीय दाखला उपलब्ध आहे. १९९८ साली कोलोरॅडो राज्यात 'सर्व्हिसमॅजिक' या नावाने सुरू झालेली, २०१२ पासून 'होमॲडव्हायझर' म्हणून ओळखली जाणारी आणि २०१७ मध्ये 'अँजीज लिस्ट'शी एकत्र होऊन पुढे 'अँजी' या नावाखाली आलेली कंपनी या धंद्यातील अग्रणी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. कंपनी आपली 'लीड' ही काम देण्यास तयार असलेल्या गृहस्थांची आहेत, ती ठेकेदाराने सांगितलेल्या कामाची व परिसराची आहेत, असे सांगत असे. वस्तुतः अनेक नावे तशी नव्हती, असा आयोगाचा आरोप होता. किती नावांमागे किती कामे मिळतात, याविषयीही खोटे चित्र रंगविले जाते, असे आयोगाने म्हटले. वार्षिक वर्गणी २८७.९९ डॉलर, नावांचे पैसे वेगळे. जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण मिटले आणि कंपनीवर ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम भरण्याची व असे दावे थांबविण्याची जबाबदारी आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे फसलेला पक्ष 'ग्राहक' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जो येतो तो नव्हता. येथे फसले होते ते प्लंबर आणि रंगारी.

कामाची माहिती विकण्याचा हा धंदा अमेरिकेला नवा नाही. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरी विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूडतोडे व शेतमजूर यांना काम विकणाऱ्या दलालांच्या पेढ्या होत्या. डॉलरभर मोजला की जंगलातल्या एखाद्या छावणीत काम मिळे. छावणीवरचा मुकादम दलालाला सामील असे आणि थोड्याच दिवसांत मजुराला काढून टाकी, म्हणजे जागा पुन्हा विकायला मोकळी. एक टोळी कामावर येते आहे, एक काम करते आहे आणि एक परत निघाली आहे, असे हे चक्र. मजुरांनी त्या पेढ्यांच्या दारात उभे राहून भाषणे सुरू केली. शहराने रस्त्यावरच्या भाषणांवर बंदी घातली. नोव्हेंबर १९०९ पासून शेकडो कामगार बोलण्याच्या हक्कासाठी तुरुंगात गेले. १९१० च्या मार्चमध्ये शहराला माघार घ्यावी लागली व अनेक दलालांचे परवाने रद्द झाले. पुढे १९१४ साली त्या राज्याच्या मतदारांनी मजुराकडून दलाली घेण्यावरच बंदी घालणारा कायदा संमत केला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरविला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी भिन्नमतपत्रिकेत दलालांच्या या कृत्यांचा जो पाढा वाचला आहे, तो 'लीड'च्या बाजाराविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने आजही वाचावा.

मुंबईच्या गिरणगावाला तर हे सांगायलाच नको. गिरणीत काम हवे असेल तर जॉबरचा हात ओला करावा लागे. त्या रकमेला 'दस्तुरी' असे सभ्य नाव होते. १९३१ च्या रॉयल कमिशनने या प्रथेवर कडक टीका केली, पण तिला आळा बसला तो कामगार संघटित झाले आणि भरतीवर नियम आले तेव्हा. माथाडींचा इतिहास याच मार्गाने गेला. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी अधिनियमाने शासन, मालक आणि कामगार या तिघांची मंडळे स्थापन केली. नोंदणी मंडळाकडे आणि मंडळाच्या खर्चाची व हमालाच्या कल्याणाची लेव्ही मालकाकडून. काम मिळण्याबद्दल हमालाने पैसे भरावेत, ही कल्पनाच तेथे मोडीत निघाली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातील सातवे कलमही हेच सांगते : खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, अंशतः वा पूर्ण, कोणतेही शुल्क घेऊ नये. भारताने या करारावर मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही, हेही येथेच नमूद करतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच काही मित्रांकडून येईल. ते म्हणतील, छपराचा ठेकेदार हा मजूर नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. गिऱ्हाईक मिळविण्याचा खर्च कोणत्या व्यावसायिकाला चुकला? पूर्वी तो वर्तमानपत्रात जाहिरात देई, आता नाव विकत घेतो. आक्षेप पोकळ नाही. एखादी नळकाम करणारी बाई किंवा एखादा सुतार स्वतःच्या नावाने चार प्रश्न विचारून ठेवील, गळती कुठे आहे व नळ कोणत्या जातीचा आहे हे आधीच समजून घेईल आणि योग्य हत्यार घेऊन जाईल, तर त्यात गैर काही नाही. उलट एक फेरा वाचेल. अशा प्रश्नमालेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण जाहिरात देणाऱ्याच्या दारी जो येतो तो त्याचे नाव वाचून येतो. क्विझमधल्या गृहस्थाला कारागिराचे नावच ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती मध्यस्थाची पाटी. काम उत्तम झाले तरी पुढच्या वेळी तो त्या पाटीकडेच वळतो, आणि त्याच कारागिराला त्याच घराचे नाव पुन्हा विकत घ्यावे लागते. आयुष्यभर चोख काम करून मिळवलेला लौकिक ही कारागिराची एकमेव पुंजी असते. ती पुंजी येथे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. ज्याच्याजवळ स्वतःचा भाव ठरविण्याचे, गिऱ्हाईक राखण्याचे किंवा नकार देण्याचे सामर्थ्य उरलेले नाही, त्याला 'स्वतंत्र' म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

आपल्याकडे हा प्रकार आला आहे काय? आला आहे, आणि येथील घरकामांच्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीची सुरुवातच अशी आहे. २०१४ साली 'अर्बनक्लॅप' या नावाने निघालेली व आज 'अर्बन कंपनी' म्हणून ओळखली जाणारी संस्था आरंभीच्या काळात गिऱ्हाइकाला प्रश्न विचारून त्याचे नाव छायाचित्रकार, शिक्षक, कारागीर यांना पैसे घेऊन पुरवीत असे. पुढे तिने बऱ्याच कामांत दर स्वतः ठरवून कमिशन कापण्याची पद्धत धरली. या दुसऱ्या पद्धतीत काय होते ते ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला दिसले : कंपनीच्या कार्यालयासमोर सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनी धरणे धरले, डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या तेव्हा कंपनीने आंदोलक स्त्रियांवरच न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये हीच कंपनी भागबाजारात उतरली.

छपरांचे म्हणाल तर आपल्याकडे सध्या सौरपट्ट्यांचा बोलबाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉट व त्यावरील घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यासाठीचा अर्ज शासनाच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करता येतो. असे असताना 'तुमचे वीजबिल किती? गच्ची स्वतःची आहे का? अनुदानास पात्र आहात का, ते तपासा' असे विचारणाऱ्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. पात्रता तपासण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? नागरिकाला शासनाकडून विनामूल्य मिळणारे उत्तर येथे त्याचा दूरध्वनी क्रमांक काढून घेण्याचे आमिष बनते.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेतील दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये एक साधा नियम केला होता : गृहस्थाने एका ठिकाणी दिलेली संमती एकाच विक्रेत्यापुरती धरावी, तिच्या जोरावर शेकडो 'भागीदारां'नी यांत्रिक फोन करू नयेत. नियम २७ जानेवारी २०२५ रोजी अमलात यायचा होता. तीन दिवस आधी, २४ जानेवारीला, तेथील अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. विमाविक्रीच्या क्षेत्रातील संघटनेने तो दावा लढविला होता. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, जाणतेपणाची, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे असे म्हटले आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या रचनेचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले, त्यांत घुमवून विचारलेला प्रश्न आणि वेष पालटलेली जाहिरात हे दोन्ही आहेत. कागद आहे, त्याचा वापर व्हायचा आहे.

हे सारे गृहस्थाच्या बाजूचे झाले. कारागिराच्या बाजूला मात्र कायद्यात एक भगदाड आहे आणि त्याची चर्चा आमच्या वर्तुळातही झालेली नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पुढच्या दुरुस्तीनंतर, स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याने घेतलेल्या 'वस्तू' आणि 'सेवा' या दोहोंना 'व्यापारी हेतू'तून वगळले होते. म्हणून तो ग्राहक ठरत असे. २०१९ च्या नव्या कायद्याच्या स्पष्टीकरणात 'वस्तू' हा शब्द उरला, 'सेवा' गळाली. शिलाईयंत्र बिघडले तर शिंपी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पण पैसे भरून घेतलेली दहा नावे बनावट निघाली तर वायरमनला ग्राहक म्हणून उभे राहणे या शब्दरचनेमुळे कठीण झाले आहे. दुसरीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'ॲग्रिगेटर'कडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद आहे. तिची कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के. आता ज्या कंपनीच्या व्यवहारात कामगाराला काही दिलेच जात नाही, उलट त्याच्याकडून घेतले जाते, तिची मर्यादा कशी मोजणार? शून्याचे पाच टक्के शून्य. संहिता लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर मोटारी आणि जेवणाचे डबे होते; नावे विकणारा तिच्या जाळ्यातून सहज निसटतो.

तेव्हा आमच्या मागण्या सरळ आहेत. २०१९ च्या कायद्यातील त्या स्पष्टीकरणात 'सेवा' हा शब्द पुन्हा घालावा. एक नाव किती जणांना विकले, हे विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगण्याची सक्ती असावी. गिऱ्हाईक अस्तित्वातच नसेल, क्रमांक चुकीचा असेल किंवा काम वेगळेच असेल तर पैसे परत मिळावेत. त्याऐवजी पुढच्या खरेदीसाठी 'गुण' देण्याची पळवाट चालू देऊ नये. आणि राज्यांनी गिग कामगारांसाठी मंडळे स्थापन करताना नावे विकत घेणाऱ्या स्वयंरोजगारी कारागिराचीही नोंदणी करावी. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा होऊ शकला, तर सुतार-प्लंबरांसाठी का होऊ नये?

पर्याय नाही असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली घरे स्वच्छ करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांनी 'अप अँड गो' नावाची नोंदणी व्यवस्था उभारली. तीही गिऱ्हाइकाला खोल्या किती, काम केव्हा, असे प्रश्न विचारते. पण उत्तर म्हणून भाव सांगते, आणि मिळालेल्या रकमेतील ९५ टक्के काम करणारीच्या हाती जातात. पुण्यात कचरावेचकांच्या पंचायतीतून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून दारोदारची सेवा सभासदांच्या मालकीने चालवून दाखविली आहे. लहान प्रमाणावरच का होईना, हे झाले आहे.

एक गोष्ट घरातली म्हणून सांगायला हवी. प्रश्नावलीचा मोह राजकीय पक्षांनाही सुटलेला नाही. व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या एका क्विझमधून फेसबुकवरील सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती निवडणूक-व्यवसायाच्या हाती कशी गेली, ते २०१८ मध्ये जगाने पाहिले. भारतात ती चाचणी फक्त ३३५ जणांनी घेतली होती आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार ५ लाख ६२ हजारांवर भारतीयांची माहिती तिच्या कक्षेत आली. 'महागाईविषयी तुमचे मत सांगा' असे विचारून अखेरीस क्रमांक टिपून घेणाऱ्या आपल्या मोहिमांत आणि छपराच्या क्विझमध्ये अंतर किती, हे जिल्हा शाखांनी स्वतःला विचारावे. मत विचारायचे असेल तर मत विचारावे. क्रमांक हवा असेल तर कशासाठी ते आधी सांगून मागावा.

येत्या दोन महिन्यांत शहरांतील कार्यकर्त्यांनी सकाळी मजूर-नाक्यांवर जे जाणे आहे ते चालू ठेवावेच. त्याबरोबर विजेच्या सामानाची, रंगाची आणि नळांची जी दुकाने आहेत त्यांच्या फळीवर दुपारी बसणाऱ्या कारागिरांशीही बोलावे. कोणत्या ॲपवर किती पैसे भरले, किती नावे आली, किती खरी निघाली, किती कामे झाली, एवढे चार आकडे त्यांच्याच संमतीने, त्यांची नावे न घेता, वहीत उतरून घ्यावेत आणि आमच्याकडे पाठवावेत. ग्राहक कायद्यातील दुरुस्तीचे निवेदन त्या आकड्यांसह द्यावे, असा आमचा विचार आहे.